बदल केलेली जुनी मोटार कायद्याच्या चौकटीत परत कशी आणावी

दोन वर्षांपूर्वी मी एका परिचिताकडून दहा वर्षे वापरलेली छोटी मोटार विकत घेतली. इंजिन उत्तम होते, गाडी फारशी पळालेली नव्हती आणि किंमतही रास्त होती. पण आधीच्या मालकाची हौस गाडीच्या अंगाखांद्यावर दिसत होती. काचांवर काळी फिल्म, पुढे जाड पोलादी गार्ड, रुंद टायर, डोळे दिपवणारे पांढरे दिवे, घुमणारा सायलेन्सर आणि नक्षीदार अक्षरांची नंबर प्लेट असा सगळा सरंजाम गाडीबरोबर माझ्या दारात आला. तिसऱ्याच आठवड्यात रात्रीच्या नाकाबंदीत गाडी बाजूला घ्यायला सांगण्यात आले. हवालदारांनी आधी नंबर प्लेटवर बॅटरी मारली, मग काचेवर, आणि मग वाकून गार्डकडे पाहिले. हे बदल माझे नाहीत, आधीच्या मालकाने केलेले आहेत, असे मी सांगितले तेव्हा त्यांनी शांतपणे एवढेच विचारले, "आरसीवर नाव कुणाचे आहे?"

कायद्याचा सगळा रोख याच प्रश्नावर आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ वाहनाच्या मालकाला उद्देशून लिहिलेले असून, उत्पादकाने ठरवून दिलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात उतरलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने वाहनात करू नये, असे ते सांगते. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात उच्च न्यायालयाने या बाबतीत थोडी मोकळीक दिली होती. ती सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालाने काढून घेतली आणि उत्पादकाच्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल करता येणार नाही, हे स्पष्ट केले. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने कलम १८२-अ कायद्यात आले. त्याच्या चौथ्या पोटकलमानुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द लक्षात ठेवण्यासारखे आहेत, कारण तीन बदल असलेल्या गाडीचा हिशेब त्यामुळे पंधरा हजारांवर जातो.

आता कुणी म्हणेल की १८२-अ हे बदल करणाऱ्याला लागू होते, नंतर गाडी विकत घेणाऱ्याला नाही. पण जुनी गाडी घेणाऱ्याने त्याच्या शेजारी कलम १९० ठेवून वाचावे. रस्ता सुरक्षा, आवाज आणि हवेचे प्रदूषण यांविषयीची मानके मोडणारी गाडी जो चालवतो किंवा चालवू देतो, त्याच्यावर या कलमाखाली तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड अशी कारवाई होऊ शकते, आणि पहिल्याच अपराधात तीन महिन्यांसाठी लायसन्सही अपात्र ठरू शकते. त्याच कलमाचा पहिला भाग तर साधारण काळजी घेतली असती तर लक्षात आला असता अशा धोकादायक दोषाचीही जबाबदारी चालकावर टाकतो. त्यामुळे 'मला माहीत नव्हते' या उत्तराला रस्त्यावर फारसे वजन उरत नाही, आणि खरेदीनंतरचा पहिला रविवार गाडी नीट तपासण्यात घालवणे शहाणपणाचे ठरते.

तपासणी कशी करावी

गाडी दिवसाउजेडी मोकळ्या जागेत उभी करावी आणि हातात दोन गोष्टी घ्याव्यात: आरसी आणि उत्पादकाने दिलेले मॅन्युअल. मॅन्युअल हरवले असेल तर बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळांवर ते मिळते. आरसीवरून चासी नंबर, इंजिन नंबर, रंग, इंधन आणि आसनसंख्या या पाच गोष्टी गाडीशी ताडून पाहाव्यात. आसनसंख्या आपण सहसा मोजत नाही, पण व्हॅन किंवा जीपच्या धाटणीच्या गाड्यांमध्ये मागे बाक टाकलेले किंवा आसने काढून सामानासाठी जागा केलेली असते, आणि तोही कलम ५२ खाली येणारा बदलच आहे. मॅन्युअलमधून टायरचा आकार, चाकातील हवेचा दाब, बल्बची वॅट क्षमता आणि फ्यूजचे आकडे टिपून घ्यावेत. नंतर गाडीभोवती सावकाश फिरत, बॉनेट उघडून आणि शक्य असल्यास गॅरेजच्या रॅम्पवर खालूनही पाहत, मूळची नसलेली प्रत्येक वस्तू लिहून काढावी व तिचे छायाचित्र घ्यावे.

यादी तयार झाली की बहुतेक लोक पोलिसांच्या नजरेत भरणाऱ्या गोष्टींना आधी हात घालतात, म्हणजे फिल्म काढतात, प्लेट बदलतात आणि थांबतात. ते समजण्यासारखे आहे, आणि नंबर प्लेट तर खरोखर पहिल्याच दिवशी नोंदवावी. पण माझा आग्रह असा आहे की वायरिंग, गार्ड आणि टायर यांना फिल्मच्या आधी घ्यावे. रस्त्यावर उभ्या हवालदारांना बॉनेटखालचा वितळू लागलेला बल्बचा होल्डर दिसत नाही, आणि गाडीत बसलेल्या आपल्या माणसांना मात्र खरा धोका तिथूनच असतो.

नंबर प्लेट

ज्या गाडीची प्लेट नीट वाचता येत नाही, ती गाडी थांबवण्यासाठी पोलिसांना दुसऱ्या कारणाची गरज उरत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ५० आणि ५१ अक्षरांची ठेवण, उंची, जाडी आणि त्यांमधील अंतर ठरवून देतात. मोटारीसाठी अक्षरे ६५ मिलिमीटर उंच आणि १० मिलिमीटर जाडीची असावी लागतात. आपल्याकडे ४१४१ हा आकडा 'दादा' असा आणि ८०५५ हा आकडा 'बॉस' असा दिसेल अशा वळणाने लिहिण्याची फार जुनी आवड आहे. पसंतीचा क्रमांक रीतसर शुल्क भरून घेण्यात काहीच गैर नाही. त्याचा शब्द करून लिहिणे मात्र नियमात बसत नाही. देवनागरी आकड्यांची प्लेटही वाहनासाठी ग्राह्य नाही, आणि मराठीवर मनापासून प्रेम करणाऱ्या माझ्यासारख्याला हे लिहिताना थोडे जड जात असले तरी नियम तसाच आहे.

१ एप्रिल २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या गाड्यांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी कारखान्याकडूनच मिळते, आणि त्याआधीच्या गाड्यांनाही महाराष्ट्रात ती बंधनकारक करण्यात आली आहे. ही पाटी ॲल्युमिनियमची असते, तिच्यावर अशोकचक्राचा होलोग्राम आणि लेझरने कोरलेला कायमचा क्रमांक असतो, आणि ती एकदाच बसणाऱ्या लॉकने जोडली जाते. तिच्यासोबत पुढच्या काचेच्या आतल्या बाजूला लावायचा एक स्टिकरही मिळतो. पेट्रोल आणि सीएनजीसाठी तो फिकट निळा, तर डिझेलसाठी नारिंगी असतो. नोंदणी परिवहन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरून आपल्या आरटीओच्या विभागासाठी नेमलेल्या कंपनीकडेच करावी, कारण याच कामाच्या नावाने पैसे उकळणारी बनावट पाने बरीच आहेत. पाटी बसल्यावर तिच्याभोवती सजावटीची चौकट लावून किंवा वरून पारदर्शक आवरण चढवून ती पुन्हा झाकू नये. गार्डची आडवी नळी पाटीवरून जात असेल, तर नवी पाटी असूनही ती वाचता न आल्याचा ठपका येतो.

पुढचा गार्ड

पोलादी गार्ड लावणाऱ्याची भावना चांगली असते. गर्दीत बंपरला ओरखडे पडू नयेत आणि धडक झाली तर गाडी वाचावी, एवढेच त्याला हवे असते. पण आजच्या मोटारीचा पुढचा भाग मुद्दामच चेपला जाईल असा बनवलेला असतो. धडकेचा जोर त्या चेपण्यात जिरतो आणि आतल्या माणसांपर्यंत कमी पोहोचतो. गार्ड थेट चासीच्या दांड्यांना बोल्टने आवळला की तो जोर मधल्या मऊ भागाला वळसा घालून सरळ सांगाड्यात शिरतो. एअरबॅग कधी उघडायची हे ठरवणारे सेन्सर ज्या धक्क्याच्या हिशेबाने बसवलेले असतात तो धक्काच बदलून जातो, त्यामुळे एअरबॅग उशिरा उघडण्याचा किंवा मुळीच न उघडण्याचा धोका निर्माण होतो. पायी चालणाऱ्याच्या दृष्टीने तर प्लास्टिकचा बंपर आणि पोलादी नळी यांतील फरक गुडघा आणि मांडीच्या हाडाचा असतो. याच कारणांनी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सर्व राज्यांना पत्र पाठवून क्रॅश गार्ड आणि बुल बार यांच्यावर कलम ५२ च्या आधारे कारवाई करण्यास सांगितले.

गार्ड काढताना तो बोल्टने बसवला आहे की वेल्डिंगने, हे आधी पाहावे. बोल्टचा असेल तर अर्ध्या तासाचे काम असते, पण गार्ड बसवणाऱ्याने बंपरच्या मागची मूळ आडवी पट्टी काढून टाकलेली असण्याची शक्यता असते. ती जागेवर नसेल तर नवी घालून घ्यावी, नाहीतर गार्ड काढल्यानंतर पुढे नुसते प्लास्टिकच उरेल. वेल्डिंगचा गार्ड असेल तर कापण्याआधी बॅटरीची जोडणी सोडावी आणि हे काम नेहमीच्या बॉडी शॉपमध्येच करून घ्यावे. उघडे पडलेले लोखंड लगेच गंजरोधक रंगाने झाकावे, विशेषतः गाडी कोकणात फिरणार असेल तर. सगळे झाल्यावर चावी फिरवून डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा पाहावा: तो काही सेकंद लागून विझला पाहिजे. तो लागलाच नाही किंवा विझलाच नाही, तर आधीच्या मालकाने स्टिअरिंग बदलताना किंवा वायर तोडताना काहीतरी केलेले आहे असे समजून अधिकृत सेवा केंद्रात जावे. आसनांच्या बाजूला एअरबॅग असलेल्या गाडीत जाड, सरसकट शिवलेली सीट कव्हरेही अडथळा ठरतात, हेही याच वेळी तपासून घ्यावे.

दिवे आणि त्यामागची वायर

माझ्या गाडीत सर्वांत मोठे दुखणे इथेच निघाले. बहुतेक जुन्या छोट्या मोटारींत हेडलाइटला ६०/५५ वॅटचा हॅलोजन बल्ब असतो आणि वायर, स्विच, होल्डर हे सगळे त्याच मापाने बनवलेले असते. माझ्या गाडीत तिथे १००/९० वॅटचे बल्ब होते. १२ व्होल्टवर ६० वॅटचा बल्ब पाच अँपिअर वीज ओढतो, तर १०० वॅटचा आठ अँपिअरपेक्षा जास्त. आणि तारेत निर्माण होणारी उष्णता विजेच्या प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे तीच तार जवळपास पावणेतीन पट तापते. उजव्या दिव्याचा होल्डर तपकिरी होऊन भेगाळला होता आणि वायरवरचे आवरण बोटाने चोळताच गळून पडले. अशी वायर कुठे चिकटपट्टी गुंडाळून चालवू नये; होल्डरसकट तेवढा भाग बदलावा, फ्यूज मॅन्युअलमधील आकड्याचाच घालावा आणि जादा दिवे, हॉर्न किंवा ॲम्प्लिफायर यांसाठी मध्येच जोडलेल्या सगळ्या वायरी मुळापासून काढाव्यात.

हॅलोजनच्या जागी बाजारातले एलईडी किंवा एचआयडी बल्ब घालण्याचा प्रश्न वेगळा आहे. हॅलोजनचा परावर्तक त्या बल्बच्या बारीक तारेची नेमकी जागा गृहीत धरून घडवलेला असतो. तिथे वेगळ्या आकाराचा प्रकाशस्रोत आला की किरण इकडेतिकडे फाकतात, आपल्याला समोर लख्ख दिसल्याचा भास होतो आणि समोरून येणाऱ्याला काही क्षण काहीच दिसत नाही. ताम्हिणी किंवा आंबा घाटासारख्या वळणावर ते काही क्षण किती महाग पडू शकतात, हे रात्री घाट उतरलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. मूळ बल्ब घातल्यावर दिव्यांची उंचीही जुळवून घ्यावी: सपाट जागेवर भिंतीपासून पाच मीटरवर गाडी उभी करून लो बीमवर प्रकाशाची वरची कड दिव्याच्या मध्याच्या उंचीपेक्षा साधारण पाच सेंटिमीटर खाली पडते का, ते पाहावे. प्रकाश कमी वाटत असेल तर आधी पिवळट पडलेली दिव्याची काच पॉलिश करून घ्यावी. अनेकदा खरी तक्रार बल्बची नसून काचेची असते.

पुढे लाल दिसणारा, मागे पांढरा फेकणारा किंवा लाल-निळा लुकलुकणारा दिवा खासगी गाडीवर चालत नाही. रिव्हर्सचा पांढरा दिवा हा अर्थातच अपवाद आहे. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरूनही लाल दिवा गेला, तेव्हा खासगी गाडीच्या जाळीआड लपवलेल्या पट्ट्यांचे समर्थन करताच येणार नाही. आपण त्या सेवेत नसताना काचेवर 'पोलीस' किंवा 'महाराष्ट्र शासन' असे लिहिलेले असेल, तर ते त्याच दिवशी खरवडून काढावे.

टायर

टायरच्या बाबतीत सरसकट 'मोठे टायर बेकायदा' असे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये आणि 'काही होत नाही' म्हणणाऱ्या दुकानदारावरही ठेवू नये. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या प्रकारांना उत्पादक स्वतःच वेगवेगळे टायर देतो. उदाहरणार्थ, मारुती स्विफ्टच्या साध्या प्रकाराला १६५/८० आर १४ आणि वरच्या प्रकाराला १८५/६५ आर १५ हा आकार मिळत आला आहे. पहिल्याचा व्यास सुमारे ६२० मिलिमीटर आणि दुसऱ्याचा सुमारे ६२२ मिलिमीटर भरतो, म्हणजे फरक नगण्य आहे. त्याच १५ इंची रिमवर कुणी २०५/६५ चा टायर चढवला तर व्यास ६४७ मिलिमीटरच्या पुढे जातो, स्पीडोमीटर आधीपेक्षा सुमारे चार टक्क्यांनी कमी वेग दाखवू लागतो, पूर्ण वळणावर टायर चाकाच्या कमानीला घासू शकतो आणि स्टिअरिंगवरही ताण येतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कॅमेरे वेग मोजत असताना हे चार टक्के कागदावर उतरतात. आपल्या मॉडेलच्या कोणत्याही प्रकारासाठी मॅन्युअलमध्ये दिलेला आकार निवडावा, टायरच्या बाजूवरील भार आणि वेगाचे सांकेतिक आकडे मूळपेक्षा कमी नसल्याची खात्री करावी आणि कमानीबाहेर डोकावणारी रिम परत करावी. रिम आणि हब यांच्यामध्ये जाड चकत्या घालून चाक बाहेर काढलेले असेल तर त्या आधी काढाव्यात, कारण त्यांचा सगळा भार बेअरिंगवर येतो.

सायलेन्सर, हॉर्न आणि इंजिनाचा मेंदू

सायलेन्सरला वगळून धूर बाहेर सोडणारी सोय वापरल्यास कलम १९४-फ खाली पहिल्या वेळी एक हजार आणि पुढच्या प्रत्येक वेळी दोन हजार रुपये दंड आहे. गरज नसताना हॉर्न वाजवणे हेही याच कलमात येते. एकामागून एक वेगवेगळे सूर काढणारे किंवा कर्कश दचकवणारे हॉर्न नियम ११९ ने मना केले आहेत, त्यामुळे त्यांच्याबाबत वेगळा विचार करण्याची गरजच नाही. हॉर्न, त्याचा रिले आणि कॉम्प्रेसर काढून मूळचा हॉर्न जोडावा.

सायलेन्सर परत बसवणे मात्र जपून करावे लागते. घुमणारा आवाज मिळवण्यासाठी अनेकदा केवळ मागचा डबा बदललेला नसतो, तर धुरातील विषारी वायू कमी करणारा मधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही काढून विकलेला असतो, कारण त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि रोडियम यांसारखे मौल्यवान धातू असतात. पुण्याच्या नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना मूळ डबा मिळू शकतो, पण जुना कन्व्हर्टर बाहेरून शाबूत आणि आतून पोकळ असू शकतो. म्हणून हा एक भाग महाग पडला तरी नवाच घ्यावा, असे मी आवर्जून सांगेन. डिझेल गाडीत ईजीआर (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात फिरवणारी सोय) बंद करणे किंवा धुराची गाळणी काढणे आणि त्यासाठी इंजिनाच्या संगणकातील नोंदी बदलणे, हेही बाहेरून दिसत नाही. वेग घेताना मागे काळा धूर दिसत असेल किंवा इंजिनाचा इशारा देणारा दिवा चावी फिरवल्यावर मुळीच लागत नसेल, तर अधिकृत सेवा केंद्रात मूळ सॉफ्टवेअर पुन्हा घालून घ्यावे. त्यानंतरच पीयूसी करावी, आणि पावतीवरचे आकडे स्वतः वाचावेत.

काचेवरची फिल्म

नियम १०० नुसार पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार जायला हवा. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी अविषेक गोएंका यांच्या याचिकेवर निकाल देताना वरून चिकटवल्या जाणाऱ्या काळ्या फिल्मवर, तिची पारदर्शकता कितीही असली तरी, बंदी घातली. पुढे नियम बदलला आणि फिल्मचा समावेश असलेल्या सुरक्षित काचरचनेला त्यात जागा मिळाली. केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये त्याच आधारे ठरलेल्या टक्केवारीतील फिल्मला दंड करता येणार नाही असे म्हटले. दुकानदार हाच निकाल पुढे करतात. पण महाराष्ट्रातील चौकाचौकांत २०१२ च्या बंदीनुसार कारवाई होत असताना आपण ती लढाई नाक्यावर उभे राहून लढावी असे मला वाटत नाही, आणि रात्री पावसात काळ्या काचेतून आरशात काय दिसते हे एकदा अनुभवल्यावर तर मुळीच वाटत नाही.

फिल्म घरी काढता येते. गाडी तासभर उन्हात ठेवावी किंवा केस वाळवण्याच्या यंत्राने काच गरम करावी, वरचा कोपरा नखाने सोडवावा आणि फिल्म सावकाश, काचेला लगटून खाली ओढावी. उरलेला गोंद साबणाच्या कोमट पाण्याने भिजवून प्लास्टिकच्या पट्टीने काढावा. मागच्या काचेवर धुके घालवणाऱ्या बारीक तारा असतील तर तिथे ब्लेड अजिबात वापरू नये आणि फिल्म तारांच्या दिशेनेच, आडवी ओढावी. एक तार तुटली की ती ओळ कायमची निकामी होते. उन्हाचा त्रास कमी करण्यासाठी पार्किंगमध्ये पुढच्या काचेला घडीचा पडदा लावावा, पण गाडी चालू असताना पुढच्या दारांच्या काचांवर जाळी लावू नये.

ज्यासाठी आरटीओत जावेच लागते

काही बदल कायदेशीर असतात, फक्त त्यांची नोंद हवी असते. रंग बदलला, सीएनजी किट बसवले, इंजिन बदलले किंवा अपंग चालकासाठी हाताने चालणारी नियंत्रणे बसवली, तर परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर वाहनातील बदलासाठीचा अर्ज भरून, गाडी प्रत्यक्ष दाखवून आरसीत नोंद करून घ्यावी लागते. नोंद न करता बदल झालेला असेल तर चौदा दिवसांच्या आत तो कळवण्याची जबाबदारी मालकावर आहे. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचे लेखी संमतिपत्र आधी घ्यावे. रंगाबाबत एक गोष्ट जीपप्रेमींसाठी सांगतो: लष्कराच्या वाहनांचा ऑलिव्ह हिरवा रंग नियम १२१ नुसार इतर कोणत्याही वाहनाला देता येत नाही, त्यामुळे त्याची नोंद मागायला जाण्यातही अर्थ नाही.

सीएनजी किटबद्दल विशेष काळजी घ्यावी, कारण जुन्या गाड्यांत नोंद नसलेली किटे पुष्कळ सापडतात. आरसीवर इंधनाच्या रकान्यात नुसते 'पेट्रोल' असेल आणि डिकीत टाकी असेल, तर गाडी रस्त्यावर आणण्याआधी किटची कागदपत्रे मागावीत. किट पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेने त्या प्रकारच्या गाडीसाठी मंजूर केलेले आणि अधिकृत केंद्राने बसवलेले असले पाहिजे. टाकीची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करावी लागते. तिची तारीख टाकीच्या पट्टीवर किंवा चाचणी प्रमाणपत्रावर असते. बीएस-६ पेट्रोल गाड्यांना साडेतीन टनांपर्यंत किट बसवण्याची मुभा २०२२ मध्ये देण्यात आली. कागद मिळत नसतील आणि टाकीची चाचणी उलटून गेली असेल, तर त्या किटला नियमित करत बसण्यापेक्षा ते अधिकृत केंद्राकडून उतरवून घ्यावे.

आरसी सुधारली की विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसीत नोंद करून घ्यावी. अपघातानंतर येणारा सर्व्हेअर पोलिसांपेक्षा कितीतरी बारकाईने गाडी पाहतो, आणि न कळवलेला बदल हानीशी जोडता आला तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानभरपाईवर पाणी सोडावे लागू शकते.

नाकाबंदीत थांबवले तर

काम पूर्ण होईपर्यंत, किंवा झाल्यानंतरही, गाडी थांबवली जाऊ शकते. डावीकडे इशारा देऊन गाडी सुरक्षित जागी घ्यावी, इंजिन बंद करावे, आतला दिवा लावावा आणि काच पूर्ण खाली करावी. लायसन्स, आरसी, विमा आणि पीयूसी ही कागदपत्रे डिजिलॉकर किंवा एम-परिवहनवर दाखवली तरी कायद्याने ती मूळ कागदांइतकीच ग्राह्य आहेत. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो मात्र नाही. बदल आढळला आणि तो खरोखर गाडीवर असेल तर वाद न घालता मान्य करावे, दुरुस्ती सुरू असल्यास गॅरेजची पावती दाखवावी आणि कोणत्या कलमाखाली कारवाई होत आहे ते नम्रपणे विचारावे. कायद्यातील दंडाचा आकडा आणि जागेवर तडजोडीने भरायची रक्कम या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी रक्कम राज्य सरकार अधिसूचनेने ठरवते. चलान यंत्रातून निघाल्यावर गाडीचा क्रमांक, कलम आणि छायाचित्र तपासावे. कारवाई चुकीची वाटली तर तिथे आवाज चढवण्यापेक्षा चलान न भरता महाट्रॅफिकवर तक्रार नोंदवावी किंवा न्यायालयात बाजू मांडावी. पावतीशिवाय पैसे पुढे करू नयेत: २०१८ च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लाच देणाराही अपराधी ठरतो. गाडी ताब्यात घेतली गेली तर त्याची लेखी पावती मागावी आणि आतील सामानाची नोंद करून घ्यावी.

जे अजून गाडी घेण्याच्या बेतात आहेत त्यांनी हा सगळा व्याप विक्रेत्याकडूनच करून घ्यावा. मालकी बदलण्याच्या नमुना २९ आणि ३० या अर्जांवर सह्या करण्याआधी गाडीच्या क्रमांकावर थकलेली सर्व चलाने तपासून ती त्याला भरायला लावावीत, काढायच्या वस्तूंची यादी व्यवहाराच्या कागदावर लिहावी आणि मूळ दिवे, रिम, सायलेन्सर किंवा हॉर्न त्याच्या माळ्यावर किंवा गॅरेजमध्ये पडून आहेत का, ते आवर्जून विचारावे. माझ्या गाडीचे मूळ चारही रिम आधीच्या मालकाच्या गच्चीवर ताडपत्रीखाली होते आणि मी नवे विकत घेतल्यानंतर महिन्याभराने मला ते कळले.